पाने बांधायचे दिवस

३ फेब्रु., सोम.
पान्यांच्या दोऱ्या आल्या! एक आकडा पान्याला, दुसरा कमरेच्या पट्ट्याला. हात सुटला तरी पाना खाली येत नाही. रसायनीच्या या कामावर सेफ्टी ट्रेनी होऊन दोन महिने, आणि माझी पहिली मागणी मंजूर. टाकीभोवतीच्या परांचीवर बारा फिटर, बाराही जणांना वाटल्या. त्यांतल्याच मुकादम रज्जाकचाचांनी आपली खिशात घातली. "पोरी, वीस वर्सं झाली. या हातातून पाना सुटला नाय." सगळे हसले. मीही. हसायला नको होतं.

४ फेब्रु.
वर चढून पाहिलं. दोऱ्या वापरात आहेत. जेवणाचे डबे टांगलेत, मुंग्या लागू नयेत म्हणून! डबे बांधलेले, पाने मोकळे. रागवायला गेले आणि चाचांची तांदळाची भाकरी, सुकट खाऊन उतरले. उद्यापासून कडक.

५ फेब्रु.
आई इथेच झाडलोटीच्या ठेक्यावर. आज परांचीखालची लाल फीत ओलांडून नळाकडे निघाली, फेरा वाचवायला. अडवलं. "जय भीम, मॅडम," सगळ्यांदेखत. "घरात तुझं ऐकते तेवढं पुरं नाय?" लांबून पाठवली. घरी अबोला. चहा मात्र माझाच आधी गाळला.

७ फेब्रु.
पाना पडला. चाचांच्या हातून. फितीच्या आत, नळाच्या वाटेवर. आई तेव्हा लांबच्या फेऱ्यात, बादली घेऊन, मला शिव्या देत.
आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांदा म्हणाले, "काम बंद!" आवाज चिरकला.
चाचा उतरले. "हाताला घाम व्हता."
आई : "वीस वर्सांचा का, चाचा?"
चाचाच आधी हसले.

८ फेब्रु., शनि.
ठेकेदाराचा इंजिनीयर : "कुणाला लागलं का? मग सोमवारी काम चालू."
चाचांना सरळ विचारलं, दोरी का बांधत नाही? त्यांनी आपले जाड हातमोजे पुढे केले. "घाल. आता आकडा उघड."
उघडेना. चारदा. बाराही जण खो खो.
आधी का नाही सांगितलंत?
"तू इचारलंस कुठं गं? तू तं शिकवत व्हतीस."
हातमोज्यांतही उघडतील अशा मोठ्या आकड्यांची मागणी लगेच केली. दुकानदार म्हणतो बघतो. सोमवारपर्यंत आले नाहीत तर काम बंदच ठेवीन, मग ट्रेनी राहीन न राहीन.
चाचा म्हणाले, "आकडे नाय तं मी बी चडत नाय."
"आणि बाकीचे अकरा?"
"उद्या सुट्टी हाय. एकेकाच्या घरी जातो."