शेवाचं पूरक खाणं

११ मे २०२४
आमच्या मांजरीच्या, शेवाच्या, रश्शाचं ऐंशी रुपयांचं पाकीट. आत सत्तर ग्रॅम. तव्यावर मंद आचेवर पार कोरडं होईस्तोवर परतलं. उरलं साडेदहा ग्रॅम! बाकी सगळं पाणी. म्हणजे खऱ्या मालाचा भाव पडला किलोला साडेसात हजार. हिरवी वेलची याच्या निम्म्यात देतो मी, वर चहा पाजून.

माझ्या गाळ्यावर कोणी पाणी मारलेली मिरची आणली तर पोतं टेम्पोतून उतरत नाही. मूठभर मिरची कानाशी हलवायची. बी वाजलं — माल सुका. नाही वाजलं — चल, निघ! पाटणहून आलो, मसाला मार्केटात हमाली केली, तेव्हा हे शिकलो. आज गाळा स्वतःचा आहे, कान तेच आहेत. आणि हे लोक पाणी भरून विकतात, वर मांजराचा हसरा फोटो छापून!

विजयमाला म्हणाली, "अहो, तो तवा घासून ठेवा. माझ्या पोळ्यांना मांजराचा वास नकोय."

१३ मे
खांदेश्वरला शौनकच्या दुकानात गेलो. मांजरा-कुत्र्यांच्या खाण्याचं दुकान आहे त्याचं. भांडायलाच गेलो होतो.

"काका, हे टॉपर आहे. शेवा दाणे खात नाही ना, म्हणून वरून घालायचं."

"ते राहू दे. पाण्याचे पैसे का घेतोस ते सांग."

मग त्याने कॅल्क्युलेटर पुढे केला. शंभरात पाणी पंच्याऐंशी. उरलं पंधरा. त्यात प्रोटीन आठ. निम्म्याहून जास्त! कोरड्या दाण्यांत पाणी काढून हिशेब केला तरी जेमतेम तिसरा हिस्सा. मी स्वतः बटणं दाबून पुन्हा बघितलं. चोख. पाणी महाग, पण माल अस्सल. रागावून गेलो आणि डझन पाकिटं घेऊन आलो.

१४ मे
पाकिटाच्या पाठीवर मराठीत चिकटवलंय — 'मांजरांसाठी पूरक आहार'. विजयमालाने वाचलं. "आपल्या ज्ञानेश्वरीला गावच्या अंगणवाडीत पूरक आहारच द्यायचे की! कशी गुटगुटीत झालेली पोरगी."

बरोबर. पूरक म्हणजे पुरणारा. पुरून उरणारा! मग दाणे कशाला? शेवा तसंही वरचं चाटते आणि दाणे ताटलीत सोडते. तीन वर्षांपूर्वी न्हावा शेव्याच्या यार्डात आमच्या कंटेनरमागे सापडली, खिशात मावेल एवढी — म्हणून शेवा. बंदरावरची जात. तिला मालातलं कळतं! दाणे आजपासून बंद.

२ ऑक्टोबर
शेजारच्या सुनयनाताई दाण्यांचं पोतं घेऊन लिफ्टमध्ये. त्यांना पंधरातल्या आठाचा हिशेब सांगितला. सातव्या मजल्याचं बटण त्यांनी तीनदा दाबलं.

९ फेब्रुवारी २०२५
पाकीट सत्तरचं साठ ग्रॅम केलं. किंमत तीच. चोर! माप मारायचं तर निदान फोटोतलं मांजर तरी बारीक करा. शौनक म्हणतो, "वरून ऑर्डर आहे काका." यांचं सगळं वरूनच.

१८ जून
शेवाला आता माझ्याशिवाय कोणी दिसत नाही. मोबाइलवर भाव बोलत हॉलमध्ये फेऱ्या मारतो, तर जिकडे मी तिकडे तिचं तोंड. भर दुपारच्या उजेडातही डोळे असे मोठे, काळेभोर! टक लावून. विजयमाला बिनआवाजी येते-जाते, तिच्याकडे ढुंकूनही नाही. मी म्हणालो, "तू कितीही लाड कर, मांजराला माणूस कळतो." फणकारली.

१ ऑगस्ट
शेवा सोफ्यावर चढायला गेली, मधेच पडली. पोट भात्यासारखं हलतंय. पाकीट फोडलं, आली नाही. विजयमाला म्हणते, "थकली असेल." चार वर्षांचं मांजर थकतं होय? उद्या डॉक्टर.

२ ऑगस्ट
शिरवण्याच्या डॉक्टर नमिता. तपासलं, सोनोग्राफी केली. काळीज ताणून पातळ झालंय, म्हणाल्या. रक्त नीट ढकलत नाही. जाऊही शकते.

"खायला काय देता काका?"

मी पाकिटाचं नाव सांगितलं. सगळा हिशेबही सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नुसतं हेच? किती महिने?"

वर्ष उलटून गेलंय म्हटल्यावर आवाज चढला त्यांचा. टॉरिन म्हणून एक गोष्ट असते. मांजराच्या अंगात ती पुरेशी तयार होत नाही, खाण्यातूनच जावी लागते. या रश्शात ती नावालाच.

"तुमचा प्रोटीनचा आकडा बरोबर आहे. पण हे भातावरचं तूप आहे काका. तुम्ही भात काढून घेतलात आणि वर्षभर नुसतं तूप वाढलंत."

माझ्या लेकीच्या वयाची बाई! सगळ्यांसमोर! तोंडाशी उत्तर आलं होतं. पण टेबलावर शेवा धापा टाकत होती.

औषधं दिली. टॉरिन दिलं. काळीज सावरू शकतं म्हणाल्या, वेळ लागेल. मग शेवाच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली. विचारलं तर म्हणाल्या, "आधी जीव वाचवू."

३ ऑगस्ट
शौनकच्या दुकानात असा ओरडलो की बाहेरचा रिक्षावाला डोकावला.

"काका, पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. वरून घालायचं."

"मग पूरक का लिहिलंय?"

"पूरकच आहे ना. पूर्ण कुठे लिहिलंय?"

आणि शेल्फावरून दुसरं पाकीट काढलं. तीच कंपनी, तेच मांजर, तेच हसू. पाठीवर 'पूर्ण आहार'. टॉरिन घातलेलं. किंमतही तीच! वर्षभर माझ्या हाताजवळ होतं. जे पुरत नाही त्याला पूरक म्हणता? ही कसली भाषा? शौनक म्हणाला, "भाषा तुमचीच आहे काका." त्याची कॉलर धरणार होतो. पूर्णची दोन डझन घेतली.

घरी येऊन विजयमालाला सांगितलं. मग म्हणाली, "अंगणवाडीतून आल्यावर ज्ञानेश्वरी घरी भाकरी खायचीच की. ते वरचंच होतं."

तेव्हा का नाही बोललीस?

"तुमी हिशेब सांगत होता."

१४ ऑगस्ट
शेवाने आज ताटली पुसून काढली. धाप कमी. विजयमाला तिच्यापाशी जमिनीवरच झोपते. मी कंपनीला लिहिलं — तो शब्द बदला, मोठ्या अक्षरात लिहा 'नुसतं हेच देऊ नका'. उत्तर आलं, 'तुमच्या प्रेमाबद्दल आभार'. यांच्या प्रेमाला आग लागो!

२१ ऑगस्ट
डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. टॉरिन न मिळाल्यानं डोळ्यांतले पडदे गेलेत. ते परत येत नाहीत. उन्हाळ्याच्या आधीपासूनच तिला दिसत नसावं, असा अंदाज आहे. आवाज येतो तिकडे तोंड करते, एवढंच.