आधी जिल्हा, मग बंब

२८ मार्च २०१६, सोमवार. मुरुड.
आज समिती स्थापन. 'मुरुड जिल्हा निर्मिती कृती समिती'. अध्यक्ष मी, शिवमूर्ती, सर्वानुमते. उपाध्यक्ष वीरण्णा, कारण त्याच्या पिठाच्या गिरणीवर माणसं जमतात. माझ्या दुकानात जमत नाहीत. दुष्काळात नळाच्या तोट्या कोण घेतो?
काही लोक म्हणाले, मुरुड अजून तालुका नाही, थेट जिल्हा कसा? संकुचित विचार. लातूर तरी एकेकाळी कुठं जिल्हा होतं?
कलेक्टर ऑफिसची जागा नक्की केली. आपल्या दुकानासमोर. बायको उमादेवी म्हणाली, तिथं उकिरडा हाय. म्हणलं, आत्ता हाय.

२ एप्रिल, शनिवार.
लातूरला कलेक्टर ऑफिसात जाऊन निवेदन दिलं. साहेबांनी न वाचताच ठेवून घेतलं. विश्वास असल्याशिवाय असं होत नाही.
तिथं पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ लावलंय. पाच माणसं जमली की गुन्हा. आमच्या मीटिंगला चारच येतात, म्हणजे आम्ही कायद्यात बसतो.

७ एप्रिल, गुरुवार.
सोमवारी रास्ता रोको. बार्शी रोडवर. पोलिसांची नोटीस आली, रस्ता अडवल्यास गुन्हा दाखल होईल. लगेच लॅमिनेट करून घेतली.
वीरण्णा घाबरला. त्याला सांगितलं, अटक झाल्याशिवाय नेता होत न्हाई. मी बॅग भरून ठेवली. टॉवेल, विभूती, शुगरची गोळी, फोटोसाठी पांढरा शर्ट.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून भाषणाचा सराव.

८ एप्रिल, शुक्रवार.
पाडवा. सणाला सराव बरा दिसत नाही.

११ एप्रिल, सोमवार. दुपार.
ऐतिहासिक! रस्ता माणसांनी भरलेला. वीरण्णा म्हणतो, निम्म्या बाया घागरी घेऊन टँकरसाठी सकाळपासून तिथंच उभ्या होत्या. असतील. जिल्हा झाल्याशिवाय टँकर वेळेवर येणार न्हाई, म्हणजे त्या आपल्याच.
भाषण रंगात आलेलं, तेवढ्यात लातूरकडून लाल गाडी भोंगा वाजवत आली. आगीचा बंब. आंदोलन चिरडायला प्रशासन पाण्याचा फवारा पाठवतं, हे मला टीव्हीवरून माहीत होतं. गाडीसमोर बसलो. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडत होता, घोषणांत नीट ऐकू आलं नाही. त्याला हाताला धरून खाली उतरवलं. माझा हात कॉलरजवळ होता, इतकंच. किल्ली सुरक्षिततेसाठी माझ्याकडे घेतली.
मग कुणीतरी मागचा कॉक फिरवला. बायांनी घागरी लावल्या. बघता बघता बंब रिकामा. मी माईकवरून सांगितलं, समितीने मुरुडला पाणी आणलं. आयुष्यात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.
पोलीस आले तेव्हा मी लघवीला गेलेलो. निव्वळ योगायोग.

११ एप्रिल, संध्याकाळ.
आग खरी होती म्हणे. गावाबाहेर चतुराबाईच्या वस्तीवर कडब्याची गंज पेटलेली. चतुराबाई आपल्याकडं दुधाचा रतीब घालते. एकटी बाई. गोठा गेला. देवणी गाय पाठीवर भाजली. वासरू आतच राहिलं.
वाईट झालं. पण वासरू मुळातच अशक्त होतं असं ऐकतो. आणि गंज गोठ्याला एवढी चिकटून रचायची का?
उमादेवी जेवली नाही. सोमवार आहे, उपवास असेल.

१२ एप्रिल, मंगळवार.
गुन्हा दाखल! माझ्यावर आणि वीरण्णावर. कलम १४३, १८८, ३४१ आणि ३५३. पहिल्याच आंदोलनाला चार कलमं. काहींची अख्खी हयात एका कलमावर जाते.
लातूरच्या वकिलांना फोन करून बातमी दिली. त्यांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाले, १४३ ला सहा महिने, ३५३ ला दोन वर्षं. सरकारी माणसाच्या अंगावर हात टाकला की ३५३, आणि ते अजामीनपात्र. म्हणलं, म्हणजे? म्हणाले, पोलीस उचलतील, जामीन कोर्टाच्या मर्जीवर. मग विचारलं, कॉलर धरली होती का? म्हणलं, कॉलरजवळचा भाग.
बॅग भरलेलीच होती. तीच घेऊन दुपारच्या एसटीनं नांदेड. याला पळून जाणं म्हणत नाहीत, भूमिगत होणं म्हणतात.

१५ एप्रिल, शुक्रवार. नांदेड.
साडू गुरुलिंगच्या घरी. त्यानं विचारलं, मुक्काम किती? म्हणलं, चळवळीवर अवलंबून. मेहुणीनं हातात पिशवी दिली आणि भाजीला पाठवलं. तोंडाला रुमाल बांधून गेलो. उन्हामुळं सगळं नांदेड रुमाल बांधून फिरतंय, वेष उत्तम जमला. परत आलो तेव्हा जेवणं उरकलेली. मी बाहेर गेलोय हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. भूमिगत माणसाला आणखी काय पाहिजे?

१८ एप्रिल, सोमवार.
उमादेवीचा फोन. वीरण्णा स्वतःहून ठाण्यात हजर झाला. जामिनावर सुटल्या दिवशीच चतुराबाईच्या गोठ्यावर गिरणीचे जुने पत्रे टाकून आला. गावानं त्याला समितीचा अध्यक्ष केलं. सर्वानुमते.
विश्वासघात. चार पत्र्यांवर विकली गेलेली जनता.
विचारलं, माझं नाव काढतात का? म्हणाली, हाव, काढतात की. काय म्हणतात ते सांगायच्या आत फोन कटला. नेटवर्क असावं.
ही रोज वस्तीवर जाते, गाईच्या पाठीला मलम लावायला. माझ्या पाठीवर घामोळं उठलंय. त्याची चौकशी केली नाही.
निर्णय: हजर होणार. वाजतगाजत.

२२ एप्रिल, शुक्रवार. मुरुड.
परवा हजर झालो, आज सुटलो. ताशेवाला आला नाही. हार मी नांदेडहूनच आणलेला, तो हवालदारानं काढून खुंटीला अडकवला.
धंदा विचारला. म्हणलं, अध्यक्ष. त्यानं लिहिलं, तोट्या विकणे.
मग ओळखीसाठी बंबाच्या ड्रायव्हरला बोलावलं. साधा माणूस, माझ्याकडं रागानंही बघितलं नाही. म्हणाला, हेच ते. मी यांच्या पाया पडून सांगितलं, गोठा पेटलाय, जनावर आत बांधलेलं हाय, वाट द्या. हे म्हणले, आधी जिल्हा, मग बंब.
मी खुलासा केला, ती घोषणा होती, उत्तर नव्हतं. हवालदारानं दोन्ही लिहून घेतलं.
कोठडीबद्दल नंतर सविस्तर लिहीन. किंवा नाही.

२५ एप्रिल, सोमवार.
ठाण्यात पहिली हजेरी. जामिनाची अट आहे, दर सोमवारी. साहेब बाहेर गेलेले. व्हरांड्यातल्या बाकावर चतुराबाई, जबाबाला बोलावलेली. आता ही रडणार, शिव्या देणार, म्हणून व्यापक जनहितावर चार वाक्यं मनात तयार केली.
ती रडली नाही. म्हणाली, अण्णा, तुमच्या नव्या जिल्ह्यात बंब असंल का?
म्हणलं, असणारच की.
म्हणाली, मंग बरं हुईल. लातूर लई लांब पडतंय.
चारातलं एकही वाक्य कुठं बसेना. पाणी प्यायला उठलो, तर ठाण्यातला माठ पालथा घातलेला. तिनंच पिशवीतून बाटली काढून पुढं केली. म्हणाली, घ्या, ऊन लई हाय. पिलो. परत देताना बघितलं तर बाटली रिकामी. तिनं झाकण लावलं, पिशवीत ठेवली. साहेब आलेच नाहीत. जबाब न देताच ती उन्हात वस्तीकडं चालत गेली.
ठाण्यात पिण्याच्या पाण्याची सोय पाहिजे, हा मुद्दा पुढच्या निवेदनात घ्यायला हवा. वीरण्णाला सांगून बघतो. सही आता त्याची चालते.