बोलवायचा आवाज

ती. आक्कास,
आयडाहोच्या थंडीतून धाकट्या केरबाचा साष्टांग नमस्कार. फोन मुद्दामच केला नाही. माझा आवाज ऐकून तू लगेच ओळखलं असतंस.

मी मजेत हाय. वर्कशॉप जोरात चाललंय. माझा भागीदार डेल, त्याला सोडतीत मूसचा नर मारायचा परवाना लागलाय. मूस म्हणजे हरणाच्या जातीचं, पण आपल्या रेड्याहून उंच जनावर. जंगल आम्हा दोघांनाही नवीन, म्हणून रोज नकाशे पसरून बेत चाललाय.

या दिवसांत मादीचा आवाज काढला की नर धावून येतो. मी तो हुबेहूब काढला. डेल म्हणाला, "केर्बी, तू मादी, मी बंदूक!" मीबी हसलो की.

रविवारी जागा बघायला गेलतो. गंमत म्हणून आवाज दिला. माझे कान किती तिखट ते तुला ठाऊक हाय, पण नर मागं येऊन उभा राहिलेला कळलाच न्हाय. डेलनं गाडीचा हॉर्न वाजवला म्हणून तो गेला.

दसऱ्याला निघणार. तेव्हा गाडी लांब असेल, आणि जनावर आवाजाकडं, म्हणजे माझ्याकडं येणार. तू काळजी करू नकोस. डेलचा नेम चांगला हाय, असं डेलच सांगतो.

भावजींचा गुडघा कसा हाय? म्हशी दूध देतात न्हवं? मंगळवार पेठेत रेडा सुटलेला, तेव्हा सगळे पळाले आणि तू उभी राहून तोंडानं कसलासा आवाज काढलास. तो जागीच थांबला. तेवढा आवाज तुझ्या लेकीकडून, वर्षाराणीकडून, फोनवर भरून पाठव. दसऱ्याच्या आत पाठव.

बोलवायचं मला येतं, आक्का. थांबवायचं कधी शिकलोच न्हाय.

तुझाच,
केरबा