तळ्याला न जाणारी रेघ

ती. दादांना,

नमस्कार. नमस्कारानंतर रीतीप्रमाणे तब्येत विचारायची, पण या वेळी आधी माफी मागतो, कारण आज सकाळी तुम्ही तळ्याकाठच्या बाकावर आमची वाट बघत बसला असाल आणि आम्ही याही रविवारी पोहोचलो नाही. आता तब्येत. गुडघा कसा आहे? गॅलरीतल्या लिंबाच्या रोपाने जीव धरला का? तुमच्या डब्यात मीठ कमी असतं ही बातमी तुमच्या बहिणीपर्यंत पोहोचली असून आमच्या घरात त्यावर रोज चर्चा होते. आम्ही दोघं ठीक. माझ्या मांड्या दुखतात, हिचं काहीच दुखत नाही, आणि हे ती मला अधूनमधून ऐकवत असते. (हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता, पुन्हा 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. आजचा मजकूर दोन 'बरं'मध्ये मावणारा नाही.)

मुळात हे सायकलचं खूळ आमच्या डोक्यात का शिरलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. वहिनी गेल्यापासून तुम्ही एकटे, आणि त्यात गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी एकटेच सायकल काढून तळ्यावर जाता, हे कळल्यापासून हिला चैन नव्हतं. आयुष्यभर वर्गभर पोरांना गणित शिकवलेला माणूस, आणि आता पाण्याकडे बघत एकटा बसतो, या कल्पनेने ती भाजी चिरता चिरता डोळे पुसायची. (कांदा नव्हता, मी बघितलं.) मग ठरलं की आपण सोबत जायचं. मी शिवणाच्या कारखान्यात उभ्याने कापड बेतणारा माणूस, शाळा सुटल्यापासून सायकलला शिवलेलो नव्हतो, तरी दोन सायकली आणल्या. तुम्ही म्हणालात, कशाला उगाच त्रास घेता. आम्हाला वाटलं, भिडस्त स्वभाव. तुम्ही म्हणालात, रस्ता फार चढाचा आहे. आम्हाला वाटलं, काळजी. शेवटी तुम्ही हात टेकलेत, स्वतःला नवं यंत्र घेतलंत आणि हँडलला लावायचं जुनं जीपीएस यंत्र मला दिलंत. म्हणालात, तुम्ही सावकाश या, मी तळ्यावर थांबतो.

त्या यंत्राने आमचे जे हाल केले ते तुम्हाला तुकड्यातुकड्याने कळलेच आहेत, पण एकत्र कधी सांगितले नाहीत. पहिल्या रविवारी मी त्याला 'तळे' सांगितलं आणि 'सर्वांत जवळचा रस्ता' निवडला. त्याने आम्हाला जिन्यासमोर नेऊन उभं केलं. चांगला दगडी जिना, वर कुणाची तरी चादर वाळत घातलेली. यंत्राच्या लेखी तो रस्ताच होता, आणि 'सरळ जा' यापलीकडे त्याचं काही म्हणणं नव्हतं. पुढच्या खेपेला 'सायकलसाठी सोयीचा रस्ता' निवडला, तर सिमेंटच्या गोदामाच्या आवारात शिरलो आणि पांढरे होऊन बाहेर आलो. वळणाचा बाण वळण मागे पडल्यावर उमटतो, आणि चूक मात्र आपली असल्यासारखं ते टूंटूं करत 'मागे वळा' म्हणत राहतं. उन्हात पडदा दिसत नाही, सावलीत चष्मा लागतो, घामाचा थेंब पडला तर त्याला वाटतं आपण बोट लावलं, आणि नकाशा जाऊन नाडीचे ठोके येतात. चढ लागला की पुढे आणखी किती चढ आहे याचं लालभडक चित्र काढून दाखवतं. अरे बाबा, तो मला दिसतोय, म्हणून तर मी उतरलोय. एकदा ऐन चौरस्त्यात ते 'मार्ग नव्याने आखत आहे' म्हणालं आणि आखता आखता त्याची बॅटरी गेली. या सगळ्या काळात तुमची बहीण मागून शांतपणे येत होती आणि जमेल त्याला रस्ता विचारत होती. (यंत्र असताना माणसांना विचारू नये असं मी तिला सांगून बघितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला विचारलं.)

म्हणून परवा तुम्ही स्वतः त्यावर उपाययोजना केलीत. यंत्राच्या अकलेवर जाऊ नका, यंत्राने नोंदवलेली माझ्याच जुन्या फेरीची रेघ तुम्हाला पाठवतो, तिच्यावरून डोळे मिटून या, असं म्हणालात. रेघ आली. जांभळी, ठसठशीत. नाव 'रविवार सकाळ'. आता माझा धंदा तुम्ही जाणता. खडूची रेघ आखलेली असली की कात्री तिच्यावरून जाते, रेघ अशी का वळली हे विचारायचं काम कात्रीचं नाही. विचारत बसलो असतो तर आजवर एक बाही पुरी झाली नसती. त्याच निष्ठेने मी सकाळी निघालो. पाण्याच्या टाकीपाशी रेघ डावीकडच्या बोळात शिरून तशीच परत येते, तर आम्हीही बोळात शिरून परत आलो. (तिथे काय आहे ते लिहीत नाही. वय झालं की वरचेवर लागतं.) पुढे एका मैदानाला रेघेचे वेढेच वेढे. आम्ही तेवढे सगळे घातले. राखणदार आधी कौतुकाने बघत होता, मग काळजीने, शेवटी त्याने हिला बाजूला घेऊन माझ्याबद्दल काहीतरी विचारलं. मैदानानंतर तळ्याकडे जायची भली मोठी पाटी आहे, बाणासकट. ही म्हणाली, तळं डावीकडे. मी म्हणालो, रेघ उजवीकडे. आणि उजवीकडे वळलो.

दुरुस्तीच्या दुकानांची एक अरुंद गल्ली लागली. तिच्या टोकाला पिवळं दार. तिथे रेघेचा नुसता गुंता, शिवणयंत्राची बॉबिन बिघडल्यावर दोऱ्याचा होतो तसा. (सायकल एका जागी बराच वेळ उभी राहिली की असा गुंता होतो, असं तुम्हीच सांगितलं होतंत.) यंत्राने विजयाची धून वाजवली. तळं कुठेच नव्हतं. धून ऐकून दार उघडलं आणि पुस्तकं बांधणाऱ्या एक बाई बाहेर आल्या, बोटांना सरस लागलेला, चेहऱ्यावर असं हसू की आमच्यासाठी नव्हे हे लगेच कळावं. त्यांनी आधी हँडलवरचं यंत्र ओळखलं, मग आम्हाला बघितलं, आणि विचारलं, "मास्तर बरे आहेत ना?"

मी त्यांना रेघेबद्दल समजावून सांगू लागलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुमच्या बहिणीने सायकल भिंतीला लावली आणि ती सरळ आत गेली, जणू माहेरीच आली. चहा झाला. त्या बाईंचं काम मी बारकाईने बघितलं. मेण लावलेल्या दोऱ्याने पानं शिवतात, टाका इतका सरळ की माझ्या हाताखालच्या माणसांना आणून दाखवावा. टेबलाशी समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर बीजगणिताचं जुनं पुस्तक, नवी पाठ लावून तयार. बाई बोलता बोलता म्हणाल्या की मास्तर हल्ली येत नाहीत, त्यांची बहीण आणि मेहुणे सायकल शिकताहेत, त्यांना तळ्यावर सोबत लागते. यावर हिने माझ्याकडे बघितलं आणि मी चहाकडे. परतताना ती मैदानाच्या वेढ्यांपाशी थांबली, आणि म्हणाली की दादा लहानपणीही गुरुजींच्या घरात जाण्याआधी असाच बाहेर चकरा मारायचा.

असो. तर यंत्राबद्दल माझी तक्रार अशी की ते सगळ्या फेऱ्यांना आपल्या मनाने 'रविवार सकाळ' हेच नाव देतं, त्यामुळे पाठवणाऱ्याचा गोंधळ होतो. तळ्याची खरी रेघ सवडीने पाठवा. घामाने पडदा बदलू नये यासाठी काय करावं, तेही कळवा.

तुमचा मेहुणा

ता. क. तळ्याची रेघ पाठवू नका. ही म्हणते, लोकांना विचारून रस्ता तिला केव्हाच ठाऊक झाला होता, पण मी यंत्राशी भांडताना इतका खूश दिसायचो की तिने मोडता घातला नाही. 

आणखी एक ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. पुढच्या रविवारी तळ्यावर येऊ नका. आम्ही येणार नाही. आम्ही तुम्हाला सोबत करत होतो, तुम्ही आम्हाला सोबत करत होतात, आणि यात तिसऱ्याच माणसाचा रविवार रिकामा जात होता. तुम्ही एकटे नाही आहात हे कळून मला जेवढा आनंद झाला तेवढा, खरं सांगतो, कधी तळ्यावर पोहोचलो असतो तरी झाला नसता. बहिणीला काय वाटेल याचा विचार करत असाल तर ती संध्याकाळपासून गुणगुणते आहे, आणि तिचा आवाज तुम्ही जाणता, तरी मी काही बोललेलो नाही.

शेवटचा ता. क. आम्ही निघताना बाईंनी हिला सांगितलं होतं की यातलं मास्तरांना काही सांगू नका, यायचं तर त्यांना आपणहून येऊ द्या. हिने शब्द दिला. म्हणून हे पत्र मी लिहिलं आहे.