मामाच्या पुडीत काय निघालं

मँचेस्टर, १२ मार्च १९५८

मायच्या पायावर लखीरामचं डोकं.

माय, मी बरा आहो. पण हे पत्र नीट ऐक.

मामा तुले गुडघ्यासाठी रोज देतात ती जडीबुटीची पुडी मी इथं प्रयोगशाळेत ऐटीत दाखवली. इथलं यंत्र औषधाच्या कणाचं वजन इतकं बारीक सांगते का त्यावरून औषध ओळखू येते. साहेब म्हणाले, "ही जडीबुटी नाही. कारखान्यातलं औषध आहे. रोज घेतलं तर पोटात जखम होते."

मले खरंच वाटे ना. तीनदा तपासलं, तेच निघालं.

तुह्या पोटात काहून आग होते, ते आता समजलं. पुडी आजच बंद कर. मालेगावच्या डाक्टरले दाखव.

मामा, मायले माझी पत्रं तुमीच वाचून दाखवता. हेही पूर्ण वाचा, एक ओळ सोडू नका.

लखीराम