चहात बुडवलेली खारी

मंगळवार, संध्याकाळ. घाटकोपर.

जेवलं की बरगडीखाली दुखतं, म्हणून सुनीलने, माझ्या लेकाने, रजा टाकून आज सोनोग्राफीला नेलं. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. मी मात्र गुपचूप चहा घेतला, वर खारी बुडवून खाल्ली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं तर म्हणाले, "पाणीसुद्धा नाही हो!"

तपासून बाई सुनीलला म्हणाल्या, "पित्ताशय आकसलंय. मोठा स्कॅन करावा लागेल."

तेव्हापासून सुनील जेवलेला नाही. खारी मी खाल्ली आणि उपास त्याला! कसं सांगू?

माझी ही रोजनिशी लिहून घेणारी नात थांबलीच. "आजी, खाल्लं की पित्ताशय रिकामं होतं, म्हणून तर उपाशी बोलावतात! पप्पा केव्हाचे घाबरलेत."

"पुरे गं, कळलं. आधी त्याचं ताट वाढ. मग हाक मार, मीच सांगते."