आबांची हाळी

५ जाने. ९८, बारामती
गेम होत आला. चित्रं विजयाची, जोडाजोड माझी. आम्ही दोघी एकाच कॉम्प्युटर क्लासला शिकवतो, बॅच सुटली की तासभर हेच. मेंढरं डांबरी रस्त्यापलीकडं ओढ्याला न्यायची, मधे ट्रक. स्पेसबार दाबला की आबांची हाळी येते अन् मेंढरं थांबतात.
दिवाळीत आबा, माझे आजोबा, कळस गावाहून आले तेव्हा क्लासच्या माइकवर घेतली. कळप विकून इतकी वर्षं झाली, हाळी तशीच. आधी तयारच नव्हते. "हितं मेंढरं न्हाईत. हाळी मारू कुणाला?" विजया म्हणाली, मला मारा. मग हसले अन् मारली.
आता अर्धांगवायूनं तोंड वाकडं. शब्द फुटत नाही. आई म्हणते, त्यांचा आवाज त्यांना एकदा ऐकव.

१२ जाने.
विजया सेव्ह करत असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, मालकांना सांगून थकलो. लाइट आल्यावर फाइलचं नाव दिसतं, उघडायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणतं फाइल खराब आहे. क्लास बंद होईपर्यंत तेच करत बसलो.

१३ जाने.
जुनी फ्लॉपी सापडली. दिवाळीच्या आधीची. मेंढरं आहेत, ट्रक आहे, आवाज नाही.
आवाजाची वेगळी फाइल होती. डिस्क भरली म्हणून पुसली. गेमच्या आत घेतलाय ना, मग कशाला दोनदा. पुसू का, असं वि.नं विचारलं होतं. मीच हो म्हटलं.
तरी आज बॅचसमोर तिला बोलले. "तुझे आजोबा असते तर जपून केलं असतंस." तिनं पर्स उचलली आणि गेली. उलटून बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ जाने.
वि. तीन दिवस नाही. तिची बॅच मीच घेतली.
दुपारी तिचा भाऊ आला, खराब फाइलची फ्लॉपी मागायला. पुण्यात ओळखीचा एक जण आहे, नुसता आवाज सुटा निघतो का बघतो म्हणे. निघेलच असं नाही. वि.नंच पाठवलं होतं त्याला. फ्लॉपी दिली. तिला काही निरोप सांगायचाय का, विचारलं त्यानं. नाही म्हटलं. का म्हटलं काय माहीत.

१८ जाने.
इंदापूरला गेले, वि.च्या घरी. वाटेत जुळवलेलं सगळं दारातच विसरले. चुकलं माझं, एवढंच म्हणाले. तिनं चहा टाकला. तिच्या आईसमोर दुसरंच काहीबाही बोलत बसलो. एस्टीपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मलाबी त्यो आवाज आवडायचा गं."
उद्यापासून येते म्हणाली.

२४ जाने.
आबांना डॉक्टरकडं आणलं होतं. क्लास जवळच, दुपारचा रिकामा. आईला खरं सांगायचा धीर झाला नाही. जुन्या फ्लॉपीवरचा मुका गेम लावला.
आबा खुर्चीत पुढं सरकून बघत होते. मेंढरं रस्त्यावर आली, ट्रक आला. आबांनी चांगला हात उचलला आणि घशातून आवाज काढला. हाळी नव्हे ती. कुणाला ओळखूही आली नसती. आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि परत काढला, आणखी मोठ्यानं.
वि.नं माइक घेतला, माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाली, "घेऊ का?"
मी मान डोलावली.

२९ जाने.
पुण्याहून काही कळलं नाही. भावानं परत फोन केला होता, तो माणूस जागेवर नव्हता.
नवा आवाज दोन फ्लॉप्यांवर ठेवलाय. एक वि.कडं, एक माझ्याकडं. ती म्हणते, हाच घालू गेममध्ये, मेंढरं थांबतील की. मी अजून लावून ऐकलेला नाही.